आजीचं मेंढरू

मास्तर: माझा प्रश्न साधा आहे. ते आत आलं कुठून?

मावशी: दारातून आलं, मास्तर. आणखी कुठून येणार? चांगलं मानानं आणलंय त्याला.

(मागच्या स्वयंपाकघराचं दार अर्धं उघडं. पलीकडच्या हॉलमधून मुलांचा गलका येतोय, आणि मधूनच एका मेंढराचा आवाज.)

मास्तर: मला हसू येत नाहीये. नऊ वाजून दहा मिनिटं झालीत. आत्ता गाणं क्रमांक दोन चालू असायला हवं होतं. त्याऐवजी हॉलमध्ये चौतीस मुलं आहेत आणि एक जिवंत मेंढरू.

सूनबाई: छत्तीस मुलं. दोन आज नवीन आलीत. मेंढराबरोबर.

मास्तर: चार महिने आखणी केली मी. आपल्या चर्चच्या मंडळीतून आठ माणसं निवडली, व्हिसा काढले, सहा दिवसांच्या बायबल शिबिराचा तक्ता केला. दर दिवशी एक गोष्ट, एक वचन, एक हस्तकला. मेंढरू हे फक्त पुठ्ठ्याचं आणि कापसाचं होतं. खऱ्याचा तक्त्यात कुठेही उल्लेख नाही.

मावशी: पुठ्ठ्याचं पण आता नाही. खाल्लं त्यानं.

मास्तर: काय खाल्लं?

मावशी: काल वाळत टाकलेल्यांपैकी सहा. पुठ्ठ्यासकट. तरी म्हणत होते, विकतचा डिंक आणू. तुम्ही म्हणालात विमानात सामानाला वजनाची मर्यादा आहे. मग मी कणकेची खळ शिजवली. आता कणकेची खळ समोर दिसल्यावर ते बिचारं कशाला सोडेल?

सूनबाई: मास्तर, तुम्ही जरा बसा. मुलांनी काय सांगितलं ते मी आधी सांगते.

मास्तर: सांग.

सूनबाई: मुलांचं म्हणणं आहे की हे आजींचं मेंढरू आहे.

मास्तर: कुठल्या आजींचं?

सूनबाई: ह्या काय समोर बसल्यात. मावशींना मुलं आजी म्हणतात. मावशींनी काल गोष्ट कशी सांगितली, आठवतंय ना? 'मेंढपाळाचं मेंढरू हरवलं' असं नाही म्हणाल्या. 'माझं मेंढरू हरवलं' म्हणाल्या. 'मी टेकडीवर बघितलं, मी झुडपांत बघितलं.' मीही मुलांना त्यांच्या भाषेत तसंच सांगत गेले, शब्दाला शब्द.

मावशी: तूच म्हणालीस ना, जीव ओतून सांगा म्हणजे पोरं ऐकतात. मी ओतला.

मास्तर: मुळात पाळकीणबाईंचा घसा बसला नसता तर हे झालंच नसतं. मी तुम्हाला वीस मिनिटं दिली होती. हरवलेल्या मेंढराचा दाखला. शंभर होती, एक हरवलं, मेंढपाळानं शोधलं, सापडलं, सगळ्यांना आनंद झाला. पाच वाक्यं आहेत. वीस मिनिटांत तुम्ही त्या मेंढराच्या कानापर्यंत पोचलात.

मावशी: कान सांगितल्याशिवाय ओळखणार कसं?

सूनबाई: आणि ओळखलं की त्यांनी. डावा कान काळा. बघा ना दारातून, आहे की नाही?

मास्तर: पण मुलांना असं वाटलंच कसं?

सूनबाई: त्यांच्या जागी बसून बघा. एक आजी विमानात बसून परदेशातून येते. उभी राहते आणि सांगते की माझं मेंढरू हरवलंय, मी सगळीकडे शोधतेय. सांगता सांगता तिचे डोळे भरतात. आणि ऐन वेळी तुम्ही शिट्टी मारून तिला खाली बसवता.

मास्तर: शिट्टी वेळेवर मारली मी.

सूनबाई: अगदी वेळेवर. आणि खरं सांगायचं तर थोडी चूक माझीपण आहे. काल घरी जाताना फाटकापाशी त्या दात पडलेल्या मुलीनं मला विचारलं, 'आजी त्याच्यासाठीच इतक्या लांब आल्यात का?' माझ्या एका हातात कुणाचा तरी बूट, दुसऱ्या हातात फोन. मी म्हटलं, हो हो.

मावशी: झालं म्हणजे. मी देवाच्या कामाला आले नाही, जनावर हुडकायला आले.

सूनबाई: काल दुपारपासून शोधतायत, मावशी. तुम्ही शिवलेले मेंढपाळाचे झगे घालून. मला तीन आयांचे फोन आले. एकीची मुलगी बसच्या डेपोत शिरून ड्रायव्हरला विचारत होती की तुमच्या गाडीत मेंढरू चढलं होतं का. एक जण बेकरीच्या भट्टीमागे सापडला.

मावशी: निळ्या फुलांची चादर असेल तर तो झगा माझ्या जावेच्या चादरीचा. तिला सांगितलं पाहिजे, तुझी चादर परदेशात डेपोपर्यंत जाऊन आली म्हणून.

मास्तर: मावशी, कृपा करून मुद्द्यावर या. हे मेंढरू खरं कुणाचं आहे?

सूनबाई: तेच तर. वखारवाल्यांचं.

मास्तर: लाकडाच्या वखारीचे? हा हॉलशेजारचा मोठा गडी?

सूनबाई: तेच. त्यांच्याकडे पाच आहेत, मागच्या मोकळ्या जागेतलं गवत खायला ठेवलीत. मुलं पहाटे पहाटेच वखारीमागच्या कुंपणातून आत गेली, काळा कान बघितला आणि घेऊन आली. मी म्हटलं, अरे आजीचं मेंढरू तर पाय ओढतं, हे धड चालतंय. तर म्हणे, बरं झालं असेल.

मास्तर: अरे देवा.

सूनबाई: आणि मास्तर, मुलं जिथे खेळतात ती जागा त्यांचीच आहे. माझे सासरे स्वतः जाऊन बसले होते त्यांच्याकडे, सहा दिवस फाटक उघडं ठेवा म्हणून. इथले पाळक आहेत म्हणून त्यांचा शब्द ठेवला. पहिल्याच दिवशी तुमचं डबे वाजवून गाणं झालं तेव्हा वखारवाले येऊन सांगून गेलेत, आणखी एक तक्रार आणि फाटकाला कुलूप.

मास्तर: तुझे सासरे कुठे आहेत?

सूनबाई: सासूबाईंना, म्हणजे पाळकीणबाईंना घेऊन दवाखान्यात. घशाचं दाखवायला.

मास्तर: म्हणजे सगळं माझ्या डोक्यावर. ठीक आहे. ऐका. मावशी, तुम्ही आत जायचं. हसत जायचं. म्हणायचं, मुलांनो, मेंढरू सापडलं. मुलं टाळ्या वाजवतील. मग मी तीन मुद्दे सांगतो, प्रार्थना करतो. तेवढ्यात सूनबाई मागच्या दारानं हे परत नेऊन बांधेल. कुणाला पत्ता लागणार नाही.

सूनबाई: मी नेऊन बांधेन? अहो, त्याला इथवर ढकलायला नऊ मुलं लागली.

मावशी: मी नाही म्हणणार तसं.

मास्तर: कसं?

मावशी: सापडलं असं.

मास्तर: अहो, दाखल्यात सापडतं. छापलेलं आहे.

मावशी: दाखल्यातलं सापडतं, मास्तर. माझं नाही सापडलं.

मास्तर: तुमचं म्हणजे?

सूनबाई: मावशी, म्हणजे खरंच होतं?

मावशी: होतं म्हणजे काय, माझ्या हातावर वाढलं. नऊ वर्षांची होते मी. आमच्या बापाकडे अकरा मेंढरं. ह्याची आई ह्याला टाकून मेली. मी चिंधी दुधात बुडवून त्याच्या तोंडात धरायची. डावा कान काळा आणि मागचा एक पाय जरा ओढायचं. त्या दिवशी राखायला मीच होते. झाडाखाली टेकले आणि डोळा लागला. उठून मोजली तर दहा.

सूनबाई: मग?

मावशी: मग काय. बापानं तीन दिवस शोधलं. टेकडी, विहिरीकडचं रान, बाजाराचा रस्ता. मला एका शब्दानं बोलला नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं, तिथल्या तिथे मिटलं असतं. त्यानं वेगळंच केलं. पुढे महिनाभर मेंढरांच्या कुंपणाच्या फाटकाला कडीच लावली नाही. रात्रीबेरात्री परत आलं तर बाहेर राहायला नको म्हणून. आणि बाकीची दहा निघून जाऊ नयेत म्हणून स्वतः त्या उघड्या फाटकात आडवा झोपायचा.

मास्तर: महिनाभर?

मावशी: थंडीचे दिवस होते. मी घरातून बघायची, अंगावर घोंगडं घेऊन पडलेला दिसायचा. नाहीच आलं ते.

मास्तर: हे तुम्ही कधी मंडळीत बोलला नाहीत.

मावशी: मंडळीत मला कुणी विचारलंय? चाळीस वर्षं मी गाणाऱ्यांचे झगे शिवते, खिडक्यांचे पडदे शिवते. इथेसुद्धा मला कात्री सांभाळायलाच आणलंत. त्यात वाईट काही नाही, शिंपीण आहे मी. पण काल एकदम गोष्ट सांगायला उभं केलंत, तर शंभरातलं कुठलं मेंढरू माझ्या डोळ्यांपुढे येणार? तेच आलं. 'शोधलं, शोधलं' इथपर्यंत आले आणि पुढचं 'सापडलं' म्हणायचं जिवावर आलं. म्हणून मग कान सांगितला, पाय सांगितला, शेपटी सांगितली. तुमची शिट्टी कधी वाजते त्याची वाट बघत होते.

मास्तर: मला वाटलं, तुम्हाला वेळेचं भान राहिलं नाही.

मावशी: भिंतीवरच्या घड्याळावरच डोळा होता माझा.

मास्तर: मावशी, मला समजतंय. पण ती मुलं सहा-सहा, सात-सात वर्षांची आहेत. त्यांना सांगणार का, की आजीचं सापडलंच नाही? आपण इथे त्यांना चांगली बातमी द्यायला आलोय.

मावशी: आणि खोटी दिली तर चालेल?

मास्तर: खोटी नव्हे. जरा... दाखल्याप्रमाणे.

मावशी: मास्तर, पोरांनी आख्खी दुपार पायपीट केली माझ्यासाठी. त्यांच्या तोंडावर थाप मारू? मग उद्या मी त्यांना देवाचं काही सांगितलं तर तेपण थापच वाटेल.

सूनबाई: मास्तर.

मास्तर: एक मिनिट, सूनबाई.

सूनबाई: एक मिनिट नाहीये. खिडकीतून बघा. वखारवाले आले. हातात दोर आहे.

मास्तर: रागावलेले दिसतात?

सूनबाई: एका पायात बूट आहे, एका पायात नाही. चेहरा दिसत नाही इथून.

मास्तर: मी पुढे होतो. तुम्ही दोघी मागे राहा. मी शांतपणे समजावतो.

मावशी: कुठल्या भाषेत समजावणार? तुमच्या शिट्टीच्या? चल गं सूनबाई, तू माझ्याबरोबर ये. आपल्या मेंढराचं आपण निस्तरू.

सूनबाई: अहो, आत गेलेसुद्धा ते. बाई गं. मुलांनी मेंढराभोवती कडं केलंय. हात धरून उभी आहेत सगळी.

(तिघंही हॉलमध्ये शिरतात.)

मास्तर: काय म्हणतायत ते? सूनबाई, भरभर सांग. सगळं सांग.

सूनबाई: म्हणतायत, पहाटेपासून शोधतोय. ओढ्यात उतरलो, बूट चिखलात राहिला. डेपोत जाऊन प्रत्येक बसखाली वाकून बघितलं. आणि हे इथे माझ्या नाकाखाली हॉलमध्ये उभं.

मावशी: काखेत कळसा.

मास्तर: त्यांना म्हणावं, आम्ही अत्यंत दिलगीर आहोत.

सूनबाई: सांगितलं. ते म्हणतात, दिलगीर नंतर व्हा, आधी ह्या चादरवाल्यांना बाजूला घ्या.

मास्तर: मुलांनो, बाजूला. सूनबाई, सांग त्यांना.

सूनबाई: सांगतेय. हलत नाहीत. ती दात पडलेली आहे ना, ती त्यांनाच उलट विचारतेय. 'तुम्ही कशाला शोधत होतात?' ते म्हणतात, 'माझं आहे म्हणून.' ती म्हणते, 'तुमच्याकडे आणखी चार आहेत. आम्ही मोजलीत.' 

मावशी: वकील होणार ही पोरगी.

सूनबाई: थांबा. ते म्हणतात, 'चार असली म्हणून काय झालं? त्या चारांत हे आहे का?'

मास्तर: काय म्हणाले?

सूनबाई: 'चार असली म्हणून काय झालं? त्या चारांत हे आहे का?'

मास्तर: अगं, हा माझा पहिला मुद्दा आहे. तक्त्यात लिहिलाय मी. चार ओळी लागल्या होत्या लिहायला. त्यांना म्हणावं, परत एकदा म्हणा. जरा मोठ्यानं, मागच्या बाकांना ऐकू जाईल असं.

सूनबाई: मास्तर, ते संतापलेत.

मास्तर: संतापून म्हणाले तरी चालेल.

सूनबाई: मुलं सांगतायत की हे आजींचं आहे. ते विचारतायत, कोण आजी. मावशी, तुमच्याकडे बोट दाखवतायत सगळी.

मावशी: मी आले पुढे. त्यांना सांग. सगळं सांग. माझं शंभरातलं नाही, अकरातलं होतं. झोप लागली तेपण सांग. बापाचं सांग. ह्या पोरांचा दोष नाही, गोष्ट मी अर्धी टाकली, त्याचं हे झालं.

सूनबाई: सांगते.

मास्तर: एवढं लांबलचक काय सांगतेय ती? मावशी, त्यांचा चेहरा बघा. काही कळतंय का तुम्हाला?

मावशी: दोर खाली ठेवला त्यांनी.

सूनबाई: मावशी, इकडे या जरा. ते म्हणतायत, हळू बोला, मुलांना ऐकू जायला नको.

मावशी: बोल.

सूनबाई: म्हणतात, माझी काही हरकत नाही. मी मुलांना सांगतो की हे आजींचंच आहे, भटकत माझ्या वखारीत आलं होतं, मी सांभाळलं. मुलं खूश होतील. तुमचं विमान जाईपर्यंत राहू दे तुमच्याकडे, मग मी गुपचूप घेऊन जाईन.

मास्तर: किती मोठ्या मनाचा माणूस. मावशी, बघा, मार्ग निघाला.

मावशी: त्यांना म्हणावं, भाऊ, तुमचे उपकार आहेत. इतकं कुणी कुणासाठी करत नाही. पण पहाटेपासून चिखलात तुम्ही उतरलात. तुमचं तुम्हाला सापडलंय. ते मी माझं कसं म्हणू? माझ्या बापाला काय वाटेल?

सूनबाई: तसंच सांगू?

मावशी: तसंच. आणि आता मुलांना सांग. मास्तर, मला पाच मिनिटं द्या. शिट्टी मारलीत तरी मी थांबणार नाहीये आज, आधीच सांगून ठेवते.

मास्तर: शिट्टी मी खिशात टाकली. बोला तुम्ही.

मावशी: पोरांनो, इकडे बघा. तुम्ही माझ्यासाठी एवढं शोधलंत. डेपोत गेलात, भट्टीमागे गेलात. माझ्या आयुष्यात मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. पण हे मेंढरू माझं नाही. माझं साठ वर्षांपूर्वी हरवलं, तुमच्या आज्या लहान होत्या तेव्हा. माझ्यामुळे हरवलं. आणि ते सापडलं नाही. हे मेंढरू ह्या काकांचं आहे. तेही पहाटेपासून रडकुंडीला येऊन शोधत होते, माझा बाप शोधायचा तसे. ज्याचं त्याला द्यायचं. कळलं?

सूनबाई: सांगितलं.

मास्तर: तोंडं बघा कशी उतरली सगळ्यांची. मावशी, मी सांगत होतो तुम्हाला.

मावशी: उतरू देत. उतरण्यासारखंच आहे.

सूनबाई: कडं सोडलं. बघा, रस्ता केला त्यांना. ते जातायत मेंढराकडे. ती दात पडलेली काहीतरी सांगतेय त्यांना. भिंतीवरचं चित्र दाखवतेय.

मास्तर: माझा तक्ता. दिवस चौथा. मेंढपाळ मेंढरू खांद्यावर घेऊन येतो.

सूनबाई: म्हणते, असं दोरानं ओढून न्यायचं नाही. चित्रात बघा कसं नेतात. खांद्यावर घ्या.

मावशी: अगं, चाळीस किलोचं धूड आहे ते. खळ खाल्ल्यावर बेचाळीस.

सूनबाई: ते म्हणतात, माझी कंबर. मुलं म्हणतात, चित्रात कंबर नाही दाखवली. मास्तर, हसू नका हो, ते बघतायत.

मास्तर: मी नाही हसत. हे... मला आवरत नाहीये, सूनबाई. हातरुमाल आहे का?

मावशी: वाकले बघा ते. अहो मास्तर, उभे काय राहिलात? धरा मागून. तीन मुद्दे नंतर, आधी मागचे पाय धरा.

मास्तर: हे लाथा मारतंय.

मावशी: मारणारच. तुम्ही उलटे पाय धरलेत. इकडून. हां. आता द्या धक्का. सूनबाई, मुलांना म्हण एक, दोन, तीन.

सूनबाई: गेलं वर. बसलं खांद्यावर. काय ओरडतायत मुलं, माझे कान गेले.

मास्तर: मावशी, अहो ते हसतायत. वखारवाले हसतायत.

मावशी: मेंढरू मान चाटतंय त्यांची. हसतील नाही तर काय करतील?

सूनबाई: ते म्हणतायत, सगळ्यांनी वखारीत चला. म्हणतात, पहाटेपासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता, आता घरी एकटा बसून काय करू. लाकडाचे ओंडके आहेत बसायला, सगळ्यांना पुरतील. बायकोला सांगून चहा ठेवतात, मुलांना दूध देतात. आणि मास्तर, म्हणतात डबे पण घेऊन या. वाजवायचे ते.

मास्तर: खरंच म्हणाले?

सूनबाई: शब्दाला शब्द.

मास्तर: मावशी, गोष्ट पुरी झाली की हो. मी एकही मुद्दा सांगितला नाही आणि पुरी झाली. शोधलं काय, सापडलं काय, खांद्यावर काय, शेजाऱ्यांना बोलावलं काय. मी पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं, पण असा तास माझा एकदाही झाला नाही. मुलांनो, चला, रांग. नाही, रांग राहू दे. चला नुसते.

मावशी: तुम्ही व्हा पुढे. मी येते.

मास्तर: तुम्ही नाही आलात तर चालेल का? तुमच्यामुळे तर हे सगळं.

मावशी: येते म्हटलं ना. जरा टेकते बाकावर. खोटं बोलण्यापेक्षा खरं बोलायला जास्त ताकद लागते, हे मला ह्या वयात कळलं.

मास्तर: मावशी, एक बोलू? उद्याची गोष्टपण तुम्हीच सांगा. पाळकीणबाईंचा घसा बरा झाला तरी.

मावशी: आधी चहा तर होऊ दे. जा तुम्ही, ते धूड पाडतील नाही तर दारात.

सूनबाई: मी थांबते तुमच्याजवळ. काय ओरडतायत बघा ना, पार डेपोपर्यंत ऐकू जात असेल. मावशी, रडताय का?

मावशी: रडत नाही गं. आनंदच झालाय मला. कुणाचं तरी सापडलं, त्याचा आनंद काय कमी असतो? आज बाप असता तर त्या माणसाच्या पाठीवर थाप मारली असती त्यानं. फक्त वाटलं, पोरं आता माझं विसरली. विसरू देत. पोरांनी विसरायचंच असतं.

सूनबाई: कुठली विसरतात. ही बघा, परत आली.

मावशी: ही दात पडलेली? सगळे तिकडे दूध प्यायला गेले आणि ही इकडे कशाला आली? चादर बघ कशी फाटली पोरीची. ये इकडे, टाचणी लावते.

सूनबाई: विचारतेय, तुमच्या बाबांनी कुठे कुठे बघितलं होतं?

मावशी: काय?

सूनबाई: तुमचं मेंढरू. कुठे कुठे शोधलं होतं, ते विचारतेय.

मावशी: साठ वर्षांत हे कुणी विचारलं नाही मला. सांग तिला, टेकडीवर बघितलं. विहिरीकडचं रान बघितलं. बाजाराच्या रस्त्यानं गेला तो, पार शेवटपर्यंत. का गं, बोटं कशाला मोजतेय ती?

सूनबाई: बघून झालेल्या जागा मोजतेय. म्हणते, टेकडी आमची पण झाली. बाजाराचा रस्ता पण झाला.

मावशी: मग?

सूनबाई: म्हणते, नदीच्या पलीकडे अजून कुणीच बघितलेलं नाही.